पाणथळीचें मोल

पाण्याविषयीं भाषणें पुष्कळ होतात. नदी, धरण, कालवा, पाऊस हे विषय आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. आज मीं निवडलेला विषय केवळ पाण्याचा नाहीं आणि केवळ जमिनीचाहि नाहीं. तो त्या दोहोंच्या मधल्या ओलीचा आहे. जेथें पाणी उथळ पसरतें, कांहीं महिने टिकतें, मग ओसरतें आणि मागें गाळ, चिखल व गवत ठेवून जातें, अशा जागेला आपण पाणथळ म्हणतों. या शब्दाला व्यवहारांत फारसा मान नाहीं. पाणथळ जमीन म्हणजे घर बांधण्यास निरुपयोगी, डांसांचें माहेर, आणि भराव घालून लवकरांत लवकर उपयोगांत आणण्याची जागा, अशीच शहरांतील सुशिक्षित माणसाची सामान्यतः समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे तें पुणें जिल्ह्यांतील जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांच्या आधारें पाहावें, आणि ज्या आफ्रिका खंडानें या प्रश्नाचें उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळविलें तिकडेहि एकवार दृष्टि टाकावी, असा माझा विचार आहे.

प्रथम व्याख्या पाहूं. इराणांतील रामसर या गांवीं २ फेब्रुवारी १९७१ रोजीं निरनिराळ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं पाणथळींच्या रक्षणासाठीं एक करार केला. भारत १९८२ सालीं त्यांत सामील झाला. या करारानें पाणथळीची व्याख्या फार व्यापक केली आहे. पाणी वाहतें असो वा साचलेलें, बारमाही असो वा हंगामी, गोडें असो वा खारें. आणि ती जागा निसर्गानें घडविलेली असो वा माणसानें, ती पाणथळच होय. या व्याख्येंत दलदल बसते, गांवतळें बसतें आणि भाताचें खाचरहि बसतें. 'माणसानें घडविलेली' हे शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावेत. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

जुन्नर व आंबेगांव हे सह्याद्रीच्या पूर्व उतरणीवरचे तालुके. पश्चिमेस नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूंस पावसाळ्यांत धुवांधार वृष्टि होते. पूर्वेकडे जसजसें जावें तसतसा पाऊस कमी होत जातो, आणि एक दिवसाच्या वाटेवर शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला दिसतो. कुकडी, मीना, पुष्पावती, आर आणि घोड या नद्या पश्चिमेचें पाणी पूर्वेस नेतात. अखेर तें सारें घोडेंतून भीमेला मिळतें.

या नद्यांवर कुकडी प्रकल्पाचीं ५ धरणें आहेत. कुकडीवर माणिकडोह व येडगांव, मीनेवर वडज, आर नदीवर पिंपळगांव जोगे आणि घोडेवर डिंभें. यांचें पाणी पुणें, अहिल्यानगर व सोलापूर या तीन जिल्ह्यांत, थेट करमाळ्यापर्यंत पोंचतें. या पाण्यानें अनेक कोरडवाहू गांवांचे संसार उभे केले, हें प्रथमच मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. नारायणगांवच्या बाजारांत येणारे टोमॅटो, मळ्यांतला भाजीपाला, उसाचे फड, हें बरेंचसें त्याच पाण्याचें देणें आहे.

परंतु पाणी हलविलें म्हणजे नुसतें पाणीच हलत नाहीं. कालव्याच्या मागोमाग ऊस आला, आणि दाट उसांत बिबट्याला आसरा मिळाला. जुन्नर तालुक्यांत माणूस व बिबट्या यांचा जो झगडा चालूं आहे त्याच्या मुळाशीं हा बदल आहे. माणिकडोह येथें पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवारा केंद्र चालवावें लागतें. धरण बांधतांना हा परिणाम कोणाच्या स्वप्नींहि आला नसेल. पाण्याच्या वाटा बदलतांना आपण जमाखर्चांत किती रकमा लिहावयाच्या विसरतों, याचें हें एक ठळक उदाहरण आहे.

आतां या दोन तालुक्यांतील पाणथळी कोणत्या तें पाहूं. त्या मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार म्हणजे पश्चिमेकडील आदिवासी गांवांतलीं भातखाचरें, ओढ्यांचे कांठ आणि पावसाळी डबकीं. दुसरा प्रकार म्हणजे धरणांच्या जलाशयांचे उथळ कांठ. जलाशय पावसाळ्याच्या अखेरीस भरतो आणि पुढील जूनपर्यंत आवर्तनागणिक खालीं जातो. पाणी जसजसें मागें हटतें तसतशी ओल्या गाळाची नवी पट्टी उघडी पडते. नकाशावर ही पट्टी धड पाण्यांत दाखविलेली नसते, धड जमिनींतहि नसते.

ही ओली पट्टी काय काम करते? पहिलें काम पाणी गाळण्याचें. शेतांतून व वस्त्यांतून ओढ्यांवाटें येणारें पाणी कांठच्या लव्हाळ्यांत व गवतांत शिरलें कीं त्याचा वेग मंदावतो आणि त्यांतला गाळ खालीं बसतो. रासायनिक खतांतून येणारें नत्र चिखलांतल्या सूक्ष्म जंतूंच्या तावडींत सांपडतें. चिखलाच्या खालच्या थरांत प्राणवायु पोंचत नाहीं. तेथील जंतु नत्राचे विरघळलेले क्षार फोडून त्यांचा वायु करतात आणि तो हवेंत निघून जातो. म्हणजे जें काम शहरांत लक्षावधि रुपयांचीं यंत्रें करतात, तेंच काम येथें चिखल विनामूल्य करीत असतो.

दुसरें काम पाणी मुरविण्याचें. उतारावरून धांवणारें पाणी जमिनींत शिरण्यास उसंत लागते. खाचराचा बांध, ओढ्याकांठची दलदल, गवताळ सखल जागा त्याला ती उसंत देतात. विहिरींना पाणी राहतें याचें श्रेय बरेच वेळां अशा जागांचें असतें.

तिसरें काम पोसण्याचें. पहिल्या पावसांत ओढ्यांच्या पुराबरोबर वर चढणारे चढणीचे मासे उथळ पाण्यांत अंडीं घालतात. खोल पाण्यांत त्यांच्या पिलांना थारा नसतो. खाचरांतले खेकडे व लहान मासे हा गरीब घरांतील पावसाळ्याचा सकस आहार आहे. उन्हाळ्यांत माळरान करपलें म्हणजे जनावरें याच कांठच्या हिरव्या गवतावर येतात. हिंवाळ्यांत उत्तरेकडून आलेलीं चक्रवाकासारखीं बदकें याच उथळ पाण्यावर उतरतात, आणि माळशेज घाटाखालून वर येणारा प्रवासी पिंपळगांव जोगेच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहण्याच्या आशेनें थांबतो.

या ओलीशीं माणसांचें जिणें किती घट्ट बांधलेलें आहे हें डिंभ्यास दिसतें. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असें नांव आहे. ज्या गांवानें तालुक्याला आपलें नांव दिलें तें जुनें आंबेगांव या सागराच्या तळाशीं आहे. आजूबाजूच्या ज्या महादेव कोळी व इतर कुटुंबांची सुपीक नदीकांठची जमीन गेली, त्यांपैकीं अनेक कुटुंबें वरच्या उतारावर सरकून तेथेंच राहिलीं. धरणाचें पाणी खालच्या तालुक्यांकडे जाऊं लागलें. पाण्याला जागा देणाऱ्यांच्या वांट्यास उरला तो कांठ. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या ओल्या जमिनींत पीक घेण्याच्या पद्धतीला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. या कुटुंबांनीं गाळपेर केली, आणि सहकारी संस्था स्थापून जलाशयांत मासेमारी सुरूं केली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेस २०१२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें 'इक्वेटर' पारितोषिक मिळालें. ज्या कांठाला सरकारी हिशेबांत शून्य किंमत होती, त्या कांठावर बुडालेल्या गांवांनीं आपली चूल पुन्हां पेटविली.

येथून आफ्रिकेकडे वळावयाचें म्हणजे फार लांबची उडी वाटेल. पण आपल्या खाचरांचा व आफ्रिकेचा संबंध आपणांस वाटतो त्याहून जवळचा आहे. मेघाची वाट पाहणारा म्हणून आपल्या कवींनीं ज्या चातकाला अजरामर केलें तो पक्षी नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेंतून येतो. पावसाळा सरतां सरतां आपल्या अंगणावर जे पिवळसर चतुर थव्याथव्यानें घिरट्या घालतात, त्यांचा प्रवास तर याहूनहि विलक्षण आहे. मालदीव बेटांत राहून वर्षानुवर्षें नोंदी ठेवणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनीं २००९ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं हे चतुर भारतांतून निघून हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत पोंचतात. या इवल्या कीटकाची पिलें पावसाच्या साचलेल्या उथळ पाण्यांत वाढतात. इकडचें डबकें बुजलें तर तिकडच्या आकाशांतला एक प्रवासी कमी होतो.

त्या आफ्रिकेंत काय घडलें? कॅमेरून देशाच्या उत्तर टोंकास लोगोन नदीचें विस्तीर्ण पूरमैदान आहे. दरसाल पूर येई, मैदानावर पसरे आणि ओसरे. पुराबरोबर मासे येत. पूर ओसरल्यावर कोवळें गवत उगवे आणि दूरदूरचे गुराखी आपले कळप घेऊन तेथें उतरत. १९७९ सालीं भातशेतीस पाणी देण्यासाठीं मागा येथें धरण बांधण्यांत आलें व नदीच्या कडेनें बांध घालण्यांत आले. हेतु वाईट नव्हता. पण पूर मैदानावर येईनासा झाला. पुढें अवर्षणाचीं वर्षें आलीं आणि तोटा दुणावला. मासे घटले, बारमाही गवत जाऊन निकस गवत आलें, गुराखी दुसरीकडे गेले. अखेर १९९४ सालीं प्रयोग म्हणून एक बांध फोडून कांहीं पाणी पुन्हां मैदानावर सोडण्यांत आलें. तेव्हां गवत, मासे व पक्षी परतूं लागले. जें मोफत मिळत होतें तें गमावल्यावर परत मिळविण्यास पंधरा वर्षें लागलीं, आणि तेंहि पुरतें मिळालें नाहीं.

नायजेरियाच्या उत्तरेस हादेजिया व न्गुरू या गांवांभोंवतीं असेंच पूरमैदान आहे. तेथें वरच्या अंगास टिगा धरण १९७४ सालीं पुरें झालें आणि कालव्यांची मोठी योजना उभी राहिली. कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं १९९० च्या सुमारास एक साधा प्रश्न विचारला: तेवढेंच पाणी कालव्यांत घातलें तर किती उत्पन्न होतें, आणि पूरमैदानावर पसरलें तर शेती, मासे व सरपण मिळून किती होतें? हिशेब मांडल्यावर असें दिसलें कीं तितक्याच पाण्याचें फळ पूरमैदानावर अधिक मिळतें. कालव्याचें उत्पन्न एका बाजारांत, एका वहींत दिसतें. मैदानाचें उत्पन्न हजारों झोंपड्यांत विखुरलेलें असतें, म्हणून तें कोणाच्या नजरेस येत नाहीं, एवढाच काय तो फरक.

तिसरें उदाहरण युगांडाच्या राजधानीचें. कंपाला शहराचें सांडपाणी नाकिवुबो नांवाच्या दलदलींतून गाळून व्हिक्टोरिया सरोवराच्या ज्या उपसागरास मिळतें, त्याच उपसागरांतून शहराला पिण्याचें पाणी मिळत आलें आहे. १९९९ सालीं अभ्यासकांनीं दाखवून दिलें कीं ही दलदल बुजविली तर तिचें काम करण्यास शहराला दरसाल मोठा खर्च येईल. तरीहि वस्त्या, कारखाने आणि शेती दलदलींत पसरतच गेल्या. हिशेब कळूनहि माणूस वागत नाहीं, याचें हें उदाहरण आहे, आणि तें केवळ आफ्रिकेचें नाहीं. १९७० ते २०१५ या काळांत जगांतील सुमारें ३५ टक्के पाणथळी नाहींशा झाल्या, असें रामसर कराराच्या २०१८ सालच्या अहवालांत नमूद आहे.

आतां पुन्हां जुन्नर-आंबेगांवकडे येऊं, आणि मघांच्या 'माणसानें घडविलेली' या शब्दांकडे वळूं. केंद्र सरकारनें २०१० सालीं पाणथळींच्या रक्षणाचे नियम केले. त्यांत जलाशयांची गणना पाणथळींत होत असे. २०१७ सालीं नवे नियम झाले. त्यांनीं व्याख्या रामसरचीच घेतली, पण शेवटीं अपवाद जोडले: नदीचें पात्र, भातशेतें, पिण्याच्या पाण्यासाठीं बांधलेले तलाव, तसेंच मत्स्यसंवर्धन, मिठागरें, करमणूक व पाटबंधारे यांसाठीं मुद्दाम केलेलीं बांधकामें या नियमांच्या बाहेर राहतील. श्रोतेहो, हा अपवाद जुन्नर-आंबेगांवला लावून पाहावा. नद्या वगळल्या, खाचरें वगळलीं, पाटबंधाऱ्यांचे जलाशय वगळले. मग उरलें काय? दोन्ही तालुके पावसाळ्यांत पाण्यानें डबडबलेले असतात. पण या नियमांच्या दृष्टीनें तेथें पाणथळ जवळजवळ नाहींच.

याच्या उलट नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वर पाहा. गोदावरी व कादवा यांच्या संगमाशीं विसाव्या शतकाच्या आरंभीं कालव्यांसाठीं बंधारा घातला गेला. त्यामागें गाळ सांचला, उथळ पाणी पसरलें, बेटें तयार झालीं आणि पक्ष्यांचें मोठें ठाणें वसलें. २०२० च्या जानेवारींत महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. म्हणजे पाटबंधाऱ्याच्या कामांतून जगन्मान्य पाणथळ निर्माण होऊं शकते, हें आपल्याच राज्यानें सिद्ध केलें आहे. तिला जो मान मिळाला तो दुसऱ्या जलाशयांच्या कांठांना निदान तपासणीपुरता तरी कां मिळूं नये?

या अपवादांच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे, आणि तें ऐकून घेतलें पाहिजे. प्रत्येक भातखाचर कायद्यानें पाणथळ ठरलें तर गरीब शेतकऱ्यास बांध हलवावयाला किंवा गोठा घालावयालाहि परवानगीसाठीं खेटे घालावे लागतील. धरणाचा जलाशय पूर्णपणें संरक्षित ठरला तर आवर्तन सोडतांना तंटे उभे राहतील, आणि गाळपेर करणाऱ्यासच तेथून हुसकून लावण्याचें निमित्त होईल. ही भीति खोटी नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं उपग्रहचित्रांवरून नोंदलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचा आदेश दिला; त्यानें मोठ्या जागांना आधार मिळाला, पण लहान डबकीं व ओढ्यांचे कांठ त्याच्या बाहेरच राहिले. तेव्हां केवळ कायद्याच्या कलमावर विसंबून हा प्रश्न सुटणारा नाहीं. पण नियमांत नांव नाहीं म्हणून वस्तूचें मोल नाहीं, असें समजणें मात्र घातक होईल.

कारण धोके उभेच आहेत. मळ्यांतलीं खतें व औषधें ओढ्यांवाटें जलाशयांत उतरतात, आणि वाढत्या गांवांचें सांडपाणीहि त्यांत मिसळतें. असें पाणी गाळण्यास कांठचें लव्हाळें उरलें नाहीं तर काय होतें तें पुण्याच्या नद्यांवर दरसाल पसरणाऱ्या जलपर्णीनें आपणांस दाखविलें आहे. हीच दक्षिण अमेरिकेंतली वनस्पति १९८० नंतरच्या दशकांत व्हिक्टोरिया सरोवरांत शिरली आणि तिनें कोळ्यांच्या होड्या बंदरांत अडकवून ठेवल्या. दुसरा धोका भरावाचा. ओढा अरुंद करणें, सखल जागेवर मुरूम टाकणें, पाण्याच्या दर्शनासाठीं अगदीं कांठाशीं बंगला किंवा विश्रामगृह बांधणें या गोष्टी एकएकट्या क्षुल्लक वाटतात. पण कांठ असा वीतवीतच जात असतो. आणि या बांधकामांचें गिऱ्हाईक बहुतेक आपण शहरांतलेच असतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

मग करावें काय? पहिली गोष्ट मोजणीची. आज धरणांत पाणी किती हें आपणांस रोज कळतें. कांठ किती उरला हें कोणी सांगत नाहीं. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याप्रमाणें प्रत्येक गांवानें लोकांच्या मदतीनें जैवविविधतेची नोंदवही ठेवावयाची असते. त्या वहींत ओढे, डबकीं, खाचरें, जलाशयाचा कांठ, तेथील मासे, गवतें व पक्षी यांची नोंद काळजीपूर्वक झाली तर कांठाला प्रथमच लेखी अस्तित्व मिळेल. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या कामांत उत्तम शिक्षणहि मिळेल.

दुसरी गोष्ट हक्कांची. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें वनभूमीवर राहणाऱ्या समाजांचे मासे व जलाशयांतील इतर उत्पन्न यांवरील सामुदायिक हक्क मान्य केले आहेत. जेथें असे हक्क लागू होतात तेथें ते पदरांत पडले पाहिजेत. ज्याची भाकरी ओलीवर आहे तो ओल राखण्यास सर्वांआधीं उभा राहतो. लोगोनकांठच्या कोळ्यांस व गुराख्यांस विचारून धरणाचे बांध घातले असते तर ते पुढें फोडण्याची पाळी आली नसती.

तिसरी गोष्ट पाणी सोडण्याची. आवर्तनाचें वेळापत्रक ठरवितांना शेतीची निकड पाहिली जाते, तें योग्यच आहे. पण माशांच्या विणीचा काळ आणि गाळपेरीचा हंगाम यांनाहि त्या चर्चेंत एक खुर्ची असावी, एवढें मागणें फार नाहीं.

आणि चौथी गोष्ट आपली, म्हणजे श्रोत्यांची. पावसाळ्यांत माळशेजच्या वाटेनें जातांना किंवा शिवनेरीवरून खालीं नजर टाकतांना आपणांस पाणी दिसतें व डोळे निवतात. त्या वेळीं पाण्याच्या कडेची ती मळकट, गवताळ, चिखलाची पट्टीहि पाहावी. तेथें मोटार उतरवूं नये, कचरा टाकूं नये, आणि कांठावरचा तुकडा कोणी विकावयास काढला तर तो घेण्यापूर्वीं, येथें पूर्वीं काय होतें, एवढें विचारावें. आपल्या ताटांतली भाजी, आपल्या नळाचें पाणी आणि आंबेगांवच्या आदिवासी घरांतला मासा हीं सारीं त्या पट्टीच्या आश्रयानें आहेत.

आफ्रिकेनें ही गोष्ट पूरमैदानें वाळल्यानंतर शिकली. आपल्या घोड-कुकडीच्या कांठीं अजून ओल आहे. ती आहे तोंवर तिचा हिशेब मांडला जावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.